मोठ्या तलावाचे मोठे शिंपले

हीरालालला शिंपल्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गोंदियाच्या त्या कॉलेजात शिंपल्यांचं कपाट त्याच्याइतकं कोणी पुसलं नव्हतं. साठ सालच्या आसपास एका प्राध्यापकांनी सायकलवर फिरून या भागातल्या तळ्यांमधून गोळा केलेले शिंपले, चांगले बारा ट्रे. प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुठून आणला, कधी आणला. प्रयोगशाळेचा परिचर म्हणून हीरालाल रोज तिथे फडकं मारी आणि पोरांना हात लावू देत नसे.

नव्या प्राचार्यांना त्या जागी कॉम्प्युटर हवे होते. "ये कबाड़ हटाओ," हे त्यांचं पालुपद. शेवटी नागपूरहून चेतना मॅडमना बोलावलं. त्या शिंपल्यांच्या जाणकार. त्यांनी 'कामाचं आहे' म्हटलं तर कपाट राहणार, नाही तर भंगारात.

तिसऱ्या-चौथ्या ट्रेपाशी मॅडम खुर्चीवरून उठल्याच.

"सर, विलक्षण आहे हे! नवेगावबांधच्या मोठ्या तलावातले शिंपले तळहाताएवढे, चिचगडच्या बोडीतले, एवढ्याशा तळ्यातले, नखाएवढे. पाणी जेवढं मोठं, तेवढा शिंपला मोठा. एकही अपवाद नाही! मी यावर शोधनिबंध लिहिणार."

प्राचार्यांनी लगेच चहा मागवला, वर समोसेही. कपाट वाचलं होतं. हीरालालनं मात्र समोशाला हात लावला नाही.

कारण नव्याण्णव साली तिसरा आणि चौथा हे दोन्ही ट्रे त्याच्याच हातून पडले होते. शिंपले एकीकडे, चिठ्ठ्या एकीकडे. मग धान पिकवणाऱ्या पोवार घरातल्या हीरालालनं शेतकऱ्याची अक्कल चालवली: मोठे शिंपले मोठ्या तलावाचे, बारके बोडीचे, मधले मधल्यांचे. काम इतकं चोख केलं की नऊ वर्षं कोणाला सुगावा लागला नाही, आणि आता त्याचा निसर्गनियम होऊन बसला!

गप्प राहिलं तर कपाट वाचत होतं. पण त्या सायकलवाल्या म्हाताऱ्याच्या नावावर आपली थाप छापून येणार, हे त्याला सहन होईना.

"मॅडमजी, तो नियम माह्याच डोक्यातला हाये," असं म्हणून त्यानं सगळं ओकून टाकलं.

प्राचार्य टेबलावर थाप मारून म्हणाले, "देखा? कबाड़!"

मॅडमनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बाकीचे दहा ट्रे?"

"त्याइले बोट नाही लावलं जी. माय शपथ."

"कोणी न विचारता खरं सांगितलंत, मग त्या दहांवर माझा आता पूर्ण भरवसा आहे. सर, यातली कितीतरी तळी बुजली. तिथे काय जगत होतं, हे सांगायला एवढंच उरलंय. कपाट हलवायचं नाही, मी लेखी देते."

त्यांनी पेन्सिलीनं त्या दोन ट्रेंसाठी नव्या चिठ्ठ्या लिहिल्या: 'ठिकाणं अनिश्चित. १९९९ साली सरमिसळ. माहिती देणारा: हीरालाल कटरे.'

हीरालालनं दोनदा वाचलं. लाजेनं त्याचे कान तापले, तरी त्याला राहवलं नाही.

"मॅडमजी, माहं गाव राहून गेलं. कामठा लिवा. गावाबिगर चिठ्ठी कोन्या कामाची?"