टपातली मूठ

पूर्णा जंक्शनला डबे जोडताना सितारामचा उजवा हात मनगटापासून गेला. हात गेला, मूठ मात्र सुटली नाही. नसलेली बोटं आवळलेलीच राहिली, नखं तळव्यात रुतलेली. माणसाची झोप उडाली.

"ओ डाक्टर, कायबी करा, पण ही मूठ उघडा," त्याची बायको बायनाबाई म्हणाली. "रातभर वरडायलेत. म्या किती हवा दाबत बसू?"

"दाबती बी चुकीच्या बोटाला, सायेब," सिताराम हसला.

नामांतराचा बंद होता, परभणीत सामसूम. दवाखान्यात हे नवराबायको आणि फिजिओथेरपीवाला रंगनाथ, एवढेच. रंगनाथनं टेबलावरच्या टपात उकळून गार केलेलं पाणी ओतलं. थोटा हात त्यात बुडवला. अल्ट्रासाउंड मशीनचं डोकं कातडीपासून अर्धा इंच लांब धरून फिरवत ठेवायचं. एका जागी थांबलं की हाड भाजतं. आवाज कानाला येत नाही, पाण्यातून आत शिरतो. कातडीवर बुडबुडे बसले तर पुसायचे, हवा आडवी आली की तो अडतो.

"मामा, ऊब लागायलीय का?"

"तिथं न्हाई. म्होरं. बोटांवर धरा."

"तिथं नुसतं पाणी हाय, मामा."

"धरा की वो!"

धरलं. रिकाम्या पाण्यात बुडबुडे जमायला लागले. वर येईनात. चार बोटं, वरून आडवा अंगठा. सवयीनं रंगनाथनं ते पुसायला बोट घातलं. बोट आरपार गेलं. बुडबुडे हलले नाहीत.

बायनाबाईनं पदर तोंडात कोंबला. रंगनाथला पळावंसं वाटलं, पण थांबलं तर भाजणार, म्हणून तो मशीनचं डोकं फिरवतच राहिला. करंगळी सुटली. मग तिच्या शेजारची. मग सगळी.

"उघडली," सिताराम रडायला लागला. "लय बरं वाटायलंय. उघडली गं!"

रंगनाथनं मशीन बंद केली, आपले हात बाहेर काढून टॉवेलला पुसले.

"सोडा आता, सायेब," सिताराम म्हणाला.

"मी कुठं धरलंय?"

"मग कोन हाय? सोडा ना!"

टपात त्या उघड्या पंजाभोवती दुसरी बोटं उमटली होती. बारीक, लांब. सितारामचं कोपर पाण्यात गेलं. मग दंड. टप जेमतेम वीतभर खोल होता.

बायनाबाईनं नवऱ्याच्या कमरेला मिठी मारली, पाय टेबलाला रोवले आणि किंचाळली, "अवो, मूठ आवळा! आवळा मूठ!"