सहा वाजून दोन मिनिटं

बायको जाऊन एकवीस दिवस झाले होते. कामगार कार्यालयातल्या निरीक्षक बाईंनी मला बोलावलं होतं. मेहुणी सोबत आली, मला एकटं सोडायला ती तयार नव्हती.

बायको कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती, मी तिथेच फाटकावर. वाफेची नळी फुटली तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. ती जागीच गेली.

नवा कायदा दोनच महिन्यांपूर्वी लागू झाला होता. आठ तासांवर काम करून घ्यायचं तर कामगाराची लेखी संमती हवी. कामावर कुणी दगावलं तर मालकाने जाब द्यायचा. त्याचं पत्रक फाटकाशी मीच चिकटवलं. बायको म्हणाली होती, "छान चिकटवलंत हो. आता साहेबांना एक चष्मा घेऊन द्या."

बाईंनी कंपनीचं पत्र आणि बायकोचं हजेरीचं कार्ड पुढे सरकवलं. "तुमच्या मिसेस अपघाताच्या वेळी कामावर नव्हत्या. सहा वाजून दोन मिनिटांनी बाहेर पडल्या. परत आत का आल्या, ते कंपनीला ठाऊक नाही."

मेहुणी उसळली. "म्हणजे ताई मरायला परत आली होती का?"

"मी नाही म्हणत. कार्ड म्हणतंय."

मी कार्ड उचलून पाहिलं. कोपऱ्यावर घडीची रेघ होती.

सहाच्या ठोक्याला चाळीस कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे यायचा. मी ती एकेक करून वेळ छापणाऱ्या यंत्रात घालायचो. बाया आठपर्यंत आतच. सगळ्याच कारखान्यांत असं चालायचं, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. कायदा आल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "कार्डावर आठच तास दिसू देत." मला वाटायचं, बायांची फाटकापर्यंतची खेप वाचते. त्या दिवशी हिचं कार्ड अडकलं होतं. कोपरा दुमडला होता. मी तो नखाने सरळ केला आणि पुन्हा आत ढकललं.

एकवीस दिवसांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

"हे मीच केलंय," मी म्हणालो.

बाईंनी मान वर केली. "काय?"

मी सगळं सांगितलं. मेहुणी माझ्याकडे बघतच राहिली. "भाऊजी, तुम्ही? आमच्या ताईचं कार्ड?"

"सगळ्यांचीच."

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"अकरा."

"लेखी द्याल तर अपघात कामावरचा धरता येईल. पण खोटी नोंद करणाऱ्यालाही शिक्षा आहे, एकट्या मालकाला नाही. विचार करा."

मेहुणी माझ्या खुर्चीपासून लांब सरकली. मग तीच घाईने म्हणाली, "थांबा, भाऊजी. आधी वकिलाला विचारू. घरात आता तुम्ही एकटेच उरलात."

"लिहा," मी बाईंना म्हणालो.

"सहा वाजून दोन मिनिटांनी त्या कुठे होत्या?"

"इस्त्रीवर."

"आणि सात वाजता?"

"इस्त्रीवरच."

बाईंनी लिहिलं, वाचून दाखवलं. मेहुणी तोंडावर पदर धरून बाहेर गेली. मी सही करेपर्यंत बाईंनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.