पायाळूचा पाय

चाकुरात एखाद्याचं बरं चाललं की लोकांना त्याचं एकच कारण सुचतं: हंडा सापडला असणार. माणूस पहाटे उठतो, दिवसभर राबतो, जपून खर्च करतो, हे कारण अजून तरी कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. आणि जमिनीतलं धन म्हणे असंतसं वर येत नाही. ते आधी काहीतरी मागतं. कोंबडं मागतं, बकरं मागतं, फारच जुनं असलं तर माणूससुद्धा मागतं. आणि ते दिसतं फक्त पायाळूला.

धम्मप्रिया पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागाहून. यात तिची काही करामत नव्हती, पण गावानं ते पाय लहानपणीच कामाला जुंपले. पायाळूनं पाठीवर पाय दिला की भरलेली उसण उतरते, असा समज. कुणाची कंबर धरली की निरोप यायचा, "सुमनबाई, पोरगी धाडा जरा." सुमनबाईंच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पण नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

"आपल्याला पटत न्हाई ते खरं," त्या लेकीला म्हणायच्या, "पण त्यांचं दुखून राहिलं ते बी खरंच हाय ना. जा, ये जाऊन."

सगळ्यात जास्त बोलावणं शरणम्मांकडून यायचं. बाजारात मृत्युंजय अप्पांचं किराणा दुकान, मागे घर, आणि शरणम्मा म्हणजे अप्पांच्या आई. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसायची. त्या ओसरीत पालथ्या पडायच्या, साखरेच्या रिकाम्या पोत्याची घडी घालून स्वतःच्या पाठीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हां, दे आता." लहानगी धम्मप्रिया त्या पोत्यावर पाय द्यायची. पोतं हा औषधाचाच भाग असावा, असं तिला वाटे.

मग एकदा तिनं पलीकडच्या आळीतल्या पायाळू पोराला त्याच ओसरीत, त्याच पाठीवर पाय देताना पाहिलं. मधे पोतं नव्हतं. घरी येऊन तिनं आईला विचारलं. सुमनबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांच्या घरची रीत असंल," त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

ती रीत कोणती, ते धम्मप्रियाला हळूहळू समजलं. समजलं तेव्हा तिनं कुणाच्याही घरी जायचं बंद केलं, आणि सुमनबाईंनीही आग्रह केला नाही. मात्र दुखऱ्या पाठींचं कुतूहल काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. लातूरला राहून ती फिजिओथेरपी शिकली, तिथंच एका दवाखान्यात काही वर्षं काढली आणि मग सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी चाकूरला परत आली. तिला स्वतःचं सेंटर काढायचं होतं. अख्ख्या तालुक्यात असं एकही नव्हतं.

जागा मिळेना. आडनाव ऐकलं की खोली कालच दिलेली असायची. शेवटी मृत्युंजय अप्पांनी आपणहून बोलावलं. दुकानाला लागून असलेली खोली, मागचं अंगण वापरायला, आणि भाडं इतकं कमी की सुमनबाईंना शंका आली. धम्मप्रियाला मात्र वाटलं, माणसं बदलतात. तिनं पाटी लावली, एक टेबल टाकलं, भिंतीवर मणक्याचं चित्र चिकटवलं.

पेशंट यायचे, पण ते कशासाठी यायचे ते ऐका. ती व्यायाम समजावून सांगायची, आणि पेशंट मान डोलावून म्हणायचा, "ते करतो हो घरी. तेवढा पाय दे की मॅडम." ती चिडायची. इतकी वर्षं शिकून शेवटी गावाला हवी होती तिची टाच. सहा महिन्यांत हे सेंटर पायावर उभं राहिलं नाही तर लातूरची नोकरी आहेच, असं ती आईला सांगायची आणि रात्री तेच आठवून तिला रडू यायचं.

कमी भाड्याचं कारण एका दुपारी कळलं. अप्पांनी तिला मागच्या अंगणात नेलं. कोपऱ्यात ताडपत्री पसरली होती. त्यांनी ती उचलली. खाली कंबरभर खोल, लांबट खड्डा होता.

"धर्माबादकडचा एक जाणकार हाय," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "त्यानं जागा दाखवली. निजामाच्या टायमाचं धन हाय म्हणतो. मजूर लावायचे न्हाईत, घरच्या माणसानंच खांदायचं. मी दुपारी दुकान लावून घेतो आन् खांदतो. पन दिसंल ते पायाळूलाच. तू फकस्त काठावर उभी राहा आन् सांग कुठवर हाय."

अप्पा काही दुष्ट माणूस नव्हते. हायवेवर मोठं मार्ट झालं होतं, गिऱ्हाईक तिकडं वळलं होतं. समोरच्या व्यापाऱ्यानं दोन वर्षांत तीन मजले चढवले, आणि त्याला हंडाच सापडला, हे सगळा बाजार शपथेवर सांगत होता. बायको वारल्यापासून घरात मायलेकरंच. बाजारच्या बोलण्यात वाहून जायला अप्पांना फार वेळ लागला नाही.

"अप्पा, हे कायद्यात बसत न्हाई," धम्मप्रिया म्हणाली. "आन् माझ्या बुद्धीत बी बसत न्हाई. मी उभी राहणार न्हाई. आज मी इथं उभी राहिले, की उद्या ह्या सेंटरची पाटी काढून तिथं 'धन दाखवून मिळेल' असं लिहावं लागंल."

अप्पांचं तोंड उतरलं. "मग खोली महिन्याच्या शेवटाला खाली कर," ते म्हणाले आणि ताडपत्री परत ओढून घेतली.

पुढचे दिवस ती दुसरी जागा शोधत हिंडली. जागा मिळत नव्हती, आणि दुपारी भिंतीपलीकडून कुदळीचा आवाज येत राहिला. त्या आवाजाचा तिला संताप यायचा. एकदा वाटलं, सरळ पोलिसांत जावं. मग वाटलं, दीडदोन दिवसांत हा माणूस दमेल आणि आपोआप थांबेल.

तो थांबला, पण वेगळ्या कारणानं. एका दुपारी कुदळीचा आवाज बंद झाला आणि शरणम्मांची हाक ऐकू आली. धम्मप्रिया धावत अंगणात गेली. अप्पा खड्ड्यात, मातीच्या ढिगावर कुशीला पडले होते, घामानं चिंब. शेजारची चारपाच माणसं जमली, त्यांनी त्यांना चादरीत घेऊन वर काढलं आणि ओसरीत ठेवलं.

"उसण भरली जबर," शेजारी म्हणाले. "पायाळू तर घरातच हाय. दे बाई पाय."

शरणम्मांनी अप्पांना पालथं करायला सांगितलं आणि आत जाऊन पोत्याची घडी घेऊन आल्या. तीच साखरेच्या पोत्याची घडी. धम्मप्रियानं ती पाहिली आणि तिच्या कानशिलात रक्त चढलं.

पण तिचे हात कामाला लागले होते. तिनं अप्पांच्या पायाचा अंगठा धरला. "अप्पा, हा वर उचला." अंगठा हलला नाही. दुसरा हलला, पण अर्धवट. तिनं खिशातल्या पेनाच्या टोकानं मांडीच्या आतल्या बाजूला टोचलं. अप्पांना काही कळलं नाही. मग ती त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "लघवी कधी केली?"

"सकाळी," अप्पा तसेच हळू म्हणाले. "आता लागल्यासारखी वाटते, पन होऊन न्हाई राहिली."

धम्मप्रिया उभी राहिली. मणक्यांमधली गादी सरकून नसा दाबल्या गेल्या होत्या, आणि हे पाठीवर पाय देण्यासारखं दुखणं नव्हतं. पाय दिला असता तर अप्पांची कंबरेखालची बाजू कदाचित कायमची गेली असती.

"पाय देणार न्हाई मी," ती म्हणाली. "ह्यांना कुणी हात लावू नका. गाडी बोलवा, लातूरला न्यायचं. आत्ता."

ओसरीत कुजबूज झाली. शरणम्मा पोतं हातात धरून तिच्यासमोर आल्या.

"एवढी वर्सं गावाच्या पाठी तुडवलीस, आन् माझ्या लेकराच्या टायमाला पाय मागं घेतीस? खोली खाली करायला सांगितली म्हणून राग हाय तुला आमचा."

"राग हाय," धम्मप्रिया म्हणाली. "लई जुना राग हाय, आज्जी, आन् तो कशाचा हाय ते तुमच्या हातात हाय. पन रागानं पाय मागं घेतला असता तर आधी दिलाच नसता कधी. ह्यांचा अंगठा हलत न्हाई. बघा तुम्हीच."

शरणम्मांनी हातातल्या पोत्याकडे पाहिलं. मग लेकाच्या अंगठ्याकडे. कुणीतरी मागून म्हणालं, "धनानं पाय मागितला." बाकीच्यांनी माना हलवल्या, आणि आता काही खरं नाही हे ओसरीत ठरूनच गेलं. अप्पांच्या डोळ्यांतली भीती धम्मप्रियाला दिसली. त्यांनाही तेच वाटत होतं, की खालच्या वस्तूनं आपला पाय धरला आणि आता ती सोडणार नाही. दवाखान्यात नेऊन उपयोग काय, असं ते एकदा पुटपुटलेसुद्धा.

ती त्यांच्या तोंडासमोर उकिडवी बसली.

"अप्पा, ऐका. मी पायाळू हाय ना? मग दिसतं ते सांगते. त्या खड्ड्यात माती हाय आन् मुरूम हाय. पाय मणक्यानं धरलाय. धनानं धरला असता तर सोडला नसता. मणका सोडतो, पन आज गेलो तर. उद्या न्हाई."

अप्पा आईकडे वळून म्हणाले, "अव्वा, गाडी बोलव."

गाडीत धम्मप्रिया बसली. वाटभर ती फोनवर होती, लातूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना सगळं सांगत. संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर शरणम्मा एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला. सुमनबाई चाकूरहून डबा घेऊन आल्या आणि दोघींच्या मधोमध बसल्या. त्यांनी भाकरीचे तीन वाटे केले. शरणम्मांनी आपला वाटा घेतला आणि मुकाट्यानं खाल्ला.

अप्पा घरी आले ते वॉकर धरून. डावं पाऊल फरपटत होतं. बाजार भेटून गेला, आणि प्रत्येकानं जाताना खड्ड्याकडे एक नजर टाकली. धर्माबादच्या जाणकाराचा फोन लागत नव्हता. खोली खाली करण्याचा विषय कुणी काढला नाही, म्हणून धम्मप्रियानंही काढला नाही.

"तो खड्डा बुजवून घेतो," अप्पा एकदा म्हणाले. "बघितला की लाज वाटते."

"इतक्यात बुजवू नका," ती म्हणाली. "मला दोन लोखंडी दांड्या रोवायच्या हायत, धरून चालायला. त्यासाठी अंगण खांदावंच लागणार होतं. तुम्ही ते काम करून ठेवलं."

अप्पा आधी ओशाळले, मग हसले. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. वेल्डर आला, खड्ड्यात चार खांब सिमेंटनं पक्के बसवले, भोवती माती भरून जमीन सपाट केली, वर दोन आडव्या दांड्या. वरून सावलीला पत्रा घातला. अप्पा रोज सकाळी त्या दांड्या धरून चालायचे आणि धम्मप्रिया मागून ओरडायची, "टाच आधी, अप्पा, टाच." जिथं खाली धन होतं म्हणे, नेमकं तिथून ते जायचे आणि वळून परत यायचे. हळूहळू पाऊल उचललं जाऊ लागलं.

ते पाहायला लोक भिंतीवरून डोकावायचे. नंतर दारातून आत यायला लागले. ज्याला लकवा मारला होता तो आला, जिचं खुब्याचं हाड मोडलं होतं ती आली. आता "पाय दे" कुणी म्हणत नव्हतं, कारण ऐन वेळेला पाय मागं घेणारी म्हणूनच तिचं नाव झालं होतं. सकाळी बाहेरच्या बाकावर जागा मिळेनाशी झाली. तिनं दुसरं टेबल घेतलं, मदतीला आरती नावाची हुशार मुलगी ठेवली. अप्पांचंही बरं चाललं. थांबलेले पेशंट दुकानातून बिस्किटं घ्यायचे, जाताना तेल-साखर न्यायचे.

आणि बाजाराला जे कळायचं ते कळलंच. हंडा सापडला. पायाळूनं दाखवला, अप्पांनी काढला, दोघांनी वाटून घेतला, आणि वर कुणाला कळू नये म्हणून दांड्या रोवल्या. धम्मप्रियानं हे ऐकलं तेव्हा ती इतकी हसली की सुमनबाईंना स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागलं.

मग एकदा सकाळी शरणम्मा सेंटरमध्ये आल्या. इतके दिवस त्या लेकासोबत यायच्या आणि बाहेरच बसायच्या. आज कंबर धरून, हळूहळू थेट टेबलापाशी आल्या आणि वर चढून पालथ्या पडल्या. धम्मप्रियानं सवयीनं त्यांच्या पाठीवर स्वच्छ टॉवेल पसरला. ती तो सगळ्यांच्याच पाठीवर पसरायची.

शरणम्मांनी हात मागं नेला, टॉवेल ओढला आणि खाली टाकला.

"मधी काही नको," त्या म्हणाल्या. त्यांचा तो गल्ली जागवणारा आवाज आज उशीत गेला होता. "दे पाय."

या बाईला सुनवायची म्हणून धम्मप्रियानं लहानपणापासून कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तिला आठवलं नाही. तिला राग आला, तो पूर्वीचाच होता, आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. तिनं ते मनगटानं पुसले.

"पाय आता कुणालाच देत न्हाई मी, आज्जी," ती म्हणाली.

तिनं तळहात चोळून ऊब आणली आणि दोन्ही हात त्या पाठीवर ठेवले. पाठ बारकी होती, मणके हाताला लागत होते, आणि कातडी जुन्या धुतलेल्या लुगड्यासारखी मऊ होती. लहानपणी ती कितीदा या पाठीवर उभी राहिली होती, आणि ही पाठ अशी आहे हे तिला आज कळत होतं. बाहेर अंगणात अप्पा एकटेच चालत होते. टाच, मग पंजा. टाच, मग पंजा.

"कुठं दुखतं?" तिनं विचारलं.