जावयाच्या हातची आमटी

"आजी, बुधवारी परत डबा आला," अभिनंदन म्हणाला, तेव्हा मला हसूच आलं.

"आरं, डबाच आलाय न्हवं? नोटीस तर न्हाय?"

"नोटीसच हाय ती. चार पुडांची."

अभिनंदन माझा नातू. निपाणीत वाढला, आता बेळगावात बँकेत आहे. फेब्रुवारीत त्याचं स्वरालीशी लग्न झालं आणि दोघं पिरनवाडीला फ्लॅटमध्ये राहू लागली. स्वराली कॉलेजात शिकवते. तिचं माहेर जवळच, अनगोळला. तिथून तिची आई कल्याणी दर बुधवारी डबा पाठवायची. लसणीची फोडणी दिलेलं पिठलं, कांद्याचा झुणका, बटाट्याची भाजी. आम्ही जैन. आमच्या घरात जे जे शिजत नाही, ते सगळं त्या डब्यात असायचं.

लग्न ठरलं तेव्हाच कल्याणी मला म्हणाली होती, "आजी, तुमच्यात कांदा नाही, लसूण नाही, दिवस मावळला की जेवण नाही. माझी पोर खाणार तरी काय?" म्हणाली हसत, पण डोळे हसत नव्हते. आईचा जीव, मी मनावर घेतलं नाही. अभिनंदननं घेतलं.

"मी सैपाक शिकणार," तो म्हणाला; सासूला तो मामी म्हणतो. "मामींना एकदा माझ्या हातचं जेवू घालतो. मग बघू डबा कसा येतोय त्यो."

"आणि स्वराली?"

"तिला चहा येतोय. मला त्योबी येत न्हाय."

श्रावणापासून दर रविवारी सकाळच्या एसटीनं तो निपाणीला यायला लागला. मी स्टुलावर बसायची आणि तो गॅससमोर उभा राहायचा. मी शिकले तेव्हा चूल होती आणि माझ्या सासूबाई बाहेर सोप्यात बसून आवाजावरून ओळखायच्या. "प्रेमला, मोहरी तडतडली न्हाय अजून, हिंग का घातलास?" तंबाखूच्या दिवसांत घरभर तो उग्र वास भरलेला असे, तरी त्यातून त्यांना खोबरं करपलेलं कळायचं. मला त्यांचा राग यायचा. आता मी तशीच ओरडते आणि मला मजा येते.

त्याची पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा आमचे हे, म्हणजे पायगोंडा आप्पा, चष्मा लावून बघायला आले.

"भाकरी न्हवं रं ही, सीमाभागाचा नकाशा हाय. निपाणी कुठल्या बाजूला आली बघ."

"आप्पा, खायाची तर खावा."

"खातो की. पर केस कोर्टात हाय, निकाल लागूदे."

पण पोरगा चिकाटीचा. भाद्रपद सरता सरता भाकरी गोल झाली, फुगायलाही लागली. आमटी तर सुरेख जमली. भाजलेलं खोबरं, तीळ, हिंग, थोडा गूळ, आमसूल. मी जे जे करायला सांगे, ते ते तो तस्सं करायचा. शिजताना चाखायचं नाही हा आमच्या घरचा जुना नियम, तोही त्यानं पाळला. आमटी झाली की माझी वाटी आधी बाजूला काढायची आणि हा हात धुऊन ताटावर बसायचा, घरातल्या समस्त पुरुषांसारखा. पातेलं आत राहायचं, ते माझी सून राजमती घेऊन यायची.

आश्विनातल्या एका रविवारी त्यानं सासू-सासऱ्यांना निपाणीला संध्याकाळचं जेवायला बोलावलं. सकाळीच आईला बजावलं, "तू आज आत याचं न्हाय. न्हाईतर मामी म्हणतील, आईनंच केलंय."

राजमती नवी साडी नेसून सोप्यात बसली. तिला कशातच करमेना.

पाहुणे ऊन असतानाच आले. कल्याणीच्या हातात डबा होताच. तो तिनं हळूच स्वरालीच्या पिशवीजवळ ठेवला. अभिनंदननं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ताटं त्यानंच वाढली. भाकरी, चवळीची उसळ, आमटी, भात, दही. अगदी माझं ताट असतं तशीच. मी पहिला घास घेतला. आमटी रोजच्यासारखीच छान. मी मान डोलावली.

बाकी सगळे गप्प. मला वाटलं, जेवण रंगलंय. वकीलसाहेब, म्हणजे स्वरालीचे वडील, भात कालवत होते आणि कालवतच होते. आप्पा दोनदा खाकरले. अभिनंदन सगळ्यांना वाढत होता, तो अजून बसलाच नव्हता.

कल्याणीनं लेकीकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. ती स्वरालीच्या कानाशी लागली, पण घर एवढं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाळा, यांच्यात मीठसुद्धा चालत नाही का गं? मला आधी सांगायचंस. डब्यात पुडी घातली असती."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग राजमतीनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! मीठ मी घालतीया रोज!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यंदाच्या चातुर्मासात मी मीठ सोडलंय. माझी वाटी काढून झाली की राजमती पातेल्यात मीठ घालून एक कड आणते. पोरगा स्वयंपाक शिकला तो माझ्याकडून, आणि मी आषाढापासून चिमूटभर मिठालाही हात लावला नव्हता!

स्वराली हसत सुटली. वकीलसाहेब म्हणाले, "मी दोनदा मागून घेतली हो, धर्माचा मान म्हणून." आप्पा तर ठसका लागेपर्यंत हसले. फक्त अभिनंदन आमटी वाढायचं ओगराळं धरून उभा होता. एवढे रविवार, आणि शेवटी मामींनी खाल्लं ते अळणी.

कल्याणीनं त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली.

"जावईबापू, पेटवा गॅस."

"मामी, तुम्ही बसा. दिवस मावळाय आलाय, आता काय..."

"म्हणूनच म्हणते. आप्पा, तुम्ही दारात उभे राहा आणि सूर्यावर नजर ठेवा. राजमतीताई, मीठ कुठंय?"

आप्पा खरंच दारात गेले. "निंबाच्या शेंड्याला आलाय!" ते ओरडले. आत आमटीला कड आला. कल्याणीनं वाटीत थोडी घेऊन तिथंच चाखली. आमचा नियम तिला कोण सांगणार? मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

तिनं आणखी एक घोट घेतला.

"यात लसूण नाही?"

"न्हाय, मामी."

"खरं सांगा."

"आजीची शप्पथ."

"माझी कशाला घालतोस रं," मी म्हटलं.

"अर्धा झाकला!" आप्पांचा आवाज आला.

"चला चला, बसा सगळे!" कल्याणीच सगळ्यांना हाकायला लागली. "जावईबापू, तुम्ही आधी बसा. मावळला तर उपाशी राहाल." तिनं त्याला हाताला धरून बसवलं आणि स्वतः वाढलं. दोन भाकऱ्या, वर आमटी. तो जेवेपर्यंत ती उभीच होती.

जाताना तिनं स्वरालीच्या पिशवीजवळचा डबा उचलला, आतलं पिठलं आमच्या गड्याला देऊन टाकलं, चारही पूड घासले आणि अभिनंदनपुढं धरले.

"उरलीय ना आमटी? भरा."

मंगळवारी तिचा मला फोन आला. ती आमटी घरी करून बघत होती.

"आजी, सगळं तुमच्यासारखंच केलंय. शेवटी लसणीची नुसती एक पाकळी टाकली तर चालेल का हो?"

"तुझं घर, तुझी आमटी," मी म्हटलं. "पर आधी सांग, मीठ घातलंस का?"

पलीकडून पातेल्यावरचं झाकण उघडल्याचा आवाज आला.