सतरा नंबरची वायर

सकाळी सव्वानऊला रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातल्या स्क्रीन एकापाठोपाठ एक कोऱ्या झाल्या. फोन खणखणत होते, पण कुठली गाडी कुठे आहे ते कुणालाच दिसेना.

नेटवर्क सांभाळणारी ती एकटीच. तिनं एक कॉम्प्युटर तपासला. प्रत्येक कॉम्प्युटर नेटवर्कवरचा आपला पत्ता सर्व्हरकडून घेतो. इथे दुसरंच काहीतरी मध्ये घुसून भलतेच पत्ते वाटत होतं, म्हणून कॉम्प्युटर सर्व्हरपासून तुटले होते. असल्या आगंतुकाला अडवायची सोय, सगळ्या वायरी जिथे जोडल्या होत्या त्या स्विचमध्ये होती. ती चालू करायचं काम चार महिने ती पुढे ढकलत आली होती.

"पोरी, अजून किती वेळ?" काकांनी विचारलं. काका सगळ्यात जुने ऑपरेटर, शहरातली गल्ली न् गल्ली तोंडपाठ. दोन्ही कानांना दोन फोन लावून, कागदावर गाड्या मांडत ते खिंड लढवत होते.

"बघते, काका."

पत्ते येत होते सतरा नंबरच्या वायरीतून. ती तिथल्या तिथे बंद करावी, तर तिच्यावरच चालणारे त्या रांगेतले फोनही मेले असते. मग ती गुडघ्यांवर रांगत, वायर चाचपत निघाली. वरून काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "बाई, गाडी निघालीय. नवऱ्याची छाती दाबत राहा, थांबू नका."

वायर काकांच्याच टेबलाखाली पोचली. तिथे एक जुना घरगुती राउटर लुकलुकत होता. तिनं तो उपटला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केले, तसे नकाशे परतले. स्विचमधली ती सोयही तिनं चालू केली. चार महिने रखडलेल्या त्या कामाला सहा मिनिटं लागली.

त्या बाईंकडे गाडी पोचली होती, पण तोवर त्यांचा नवरा दगावला होता. वाट चुकलेली दुसरी गाडी त्यांच्या घराजवळच होती, पण नकाशे बंद असल्यानं ती कुणाला दिसलीच नव्हती.

"हे कुणाचं, काका?"

"माझं. आज येताना घरून आणलं. इथे मोबाइलला रेंज नसते. तुझी काकू अंथरुणाला खिळलेली, मध्ये मध्ये व्हिडिओवर तोंड दिसलं की..." ते राउटरकडे आणि मग कोऱ्या स्क्रीनच्या वेळी लिहिलेल्या कागदाकडे बघत राहिले. "यानं झालं?"

खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "हो. पण दार मी उघडं ठेवलं होतं. अहवालात दोघांचं लिहिते."

काकांनी मान हलवली. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांचा हात उठेना. मग तिनंच तो उचलला.