माझ्या शेजारची रिकामी खोबण

मी कॉम्प्युटरमधली मेमरीची पट्टी बोलतेय. नाव ऐकून फसू नका. मेमरी म्हणजे आठवण, पण माझ्याइतकं विसरभोळं या घरात दुसरं कोणी नाही. कॉम्प्युटर बंद झाला, की माझ्यात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. मग हे कसं सांगतेस, असं तुम्ही विचाराल. पाटीवरची अक्षरं पुसता येतात, पण तिला पडलेला चरा पुसता येत नाही ना? माझंही तसंच आहे. कामाचं विसरते, पण आजूबाजूला बोललेलं आणि माझ्या बाबतीत घडलेलं पक्कं लक्षात राहतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी छान दिसायचे. हिरवं अंग, दोन्ही बाजूंना चिपचे आठ-आठ काळे चौकोन, खाली सोनेरी दातांची ओळ आणि त्या ओळीत जरा एका बाजूला एक खाच. ती खाच कशासाठी, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. मला तो शोभेचा तीळ वाटायचा.

मला एका पेटीतल्या बोर्डावर बसवलं. तिथं दोन खोबणी होत्या. एक माझी, दुसरी रिकामी. शेजारी कोण येणार, याची मला भारी उत्सुकता. पण कोणी आलंच नाही. धूळ तेवढी नेमानं येत राहिली.

ज्यांच्या टेबलाखाली मी राहते, त्यांना सगळे आत्या म्हणतात. आत्या नाटकांचे पडदे रंगवायच्या. शिडीवर चढून, हातभर लांब ब्रशानं. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि शिडी सुटली. तेव्हा त्या कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकल्या. आता नाट्यगृहाचा मोठा पडदा त्यांच्या चित्रावरून छापायचा होता. चित्र होतं एका नदीचं, पण ते एवढं अवाढव्य, की आत्यांनी ते तुकड्यातुकड्यांत काढलं. एका वेळी एक तुकडा उघडायचा, मिटायचा, मग दुसरा.

रोजचा तुकडा मी रोज विसरायचे. पण आत्यांना काम करताना स्वतःशी बोलायची सवय. ‘काठावरची झाडं झाली’, ‘होडीचं टोक जमलं’, ‘होडीतल्या माणसाची पाठ आज मनासारखी आली’. ते शेवटचं ऐकून मी कान टवकारले. होडीत कोणीतरी आहे! कोण? आत्या त्यावर अवाक्षर बोलल्या नाहीत.

तुकडे संपले. आता सगळं जोडून एकदम बघायचं, सांधे तपासायचे आणि छपाईला द्यायचं. आत्यांनी सगळे तुकडे एकत्र उघडले आणि माझा जीव घाबराघुबरा झाला. जागाच पुरेना. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण थिजला. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. नाट्यगृहाचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, चित्र अख्खं मिळालं नाही तर तयार छापील पडदा लावून मोकळे होऊ.

आत्यांची भाची म्हणाली, नवा कॉम्प्युटर घे. पण आत्यांचं चित्रांचं सॉफ्टवेअर जुनं, नव्यावर चालत नव्हतं. शिवाय आत्या जे बोलल्या, ते माझ्यावर कायमचं कोरलं गेलंय.

“शिडी सुटली तेव्हा मी रडले नाही गं. हेही सुटलं, तर मी कोण उरले?”

मग भाचीनं मेमरी वाढवायचं ठरवलं आणि सगळ्यात नवी पट्टी मागवली. शेजारीण येणार म्हणून मी हरखून गेले. पण ती खोबणीत बसेचना. भाची दाबायला लागली, तशी आत्यांनी तिचा हात धरला. तिची खाच भलत्याच जागी होती. त्या दिवशी मला कळलं, की तो तीळ नव्हता. चुकीच्या पट्टीनं चुकीच्या घरात घुसू नये, म्हणून केलेली ती सोय होती.

माझ्यावरचा माहितीचा कागद कधीच गळून पडला होता. तेव्हा आत्यांनी त्यांच्या धंद्यातली युक्ती काढली. मला टेबलावर आडवं ठेवलं आणि पेन्सिलीनं माझ्या कडेकडेनं रेघ ओढली. पडद्यावरचं झाड असो की राजवाडा, आधी खाका काढायचा, ही त्यांची रीत. पेन्सिलीच्या टोकानं मला गुदगुल्या झाल्या. तो खाका घेऊन त्या दुकानात गेल्या आणि काठाला काठ, खाचेला खाच जुळवून पट्टी घेऊन आल्या.

ही मात्र झोकात बसली. कॉम्प्युटर सुरू केला. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि पेटी पीं पीं करून ओरडायला लागली. तिला काढलं, की माझ्या एकटीवर सगळं नीट चालायचं. तिला लावलं, की पुन्हा बोंब.

भाचीनं हात टेकले. आत्यांनी मात्र आम्हा दोघींना खिडकीजवळ नेलं, चष्मा वर केला आणि उलटंपालटं करून न्याहाळलं. एवढ्या निरखून मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

“अगं, आपल्या जुनीला दोन्ही बाजूंना चौकोन आहेत. ही नवी पाठीमागून कोरीच आहे,” त्या म्हणाल्या. “मी नुसती बाहेरची रेघ काढली. आतलं काढलंच नाही.”

नवख्या पट्टीत तेवढंच सामान निम्म्या चौकोनांत कोंबलेलं होतं, आणि आमच्या म्हाताऱ्या बोर्डाला ते कोंबलेलं वाचता येत नव्हतं. हे भाचीला नंतर शोधल्यावर समजलं. आत्यांनी नवा खाका काढला, या वेळी पाठ आणि पोट, सगळे चौकोन भरून. दुकानदारानं म्हणे खोक्यातली जुन्या पट्ट्यांची रास उपसली आणि एक काढून दिली.

अशी माझी शेजारीण आली. माझ्याहून म्हातारी आणि चालीला संथ. बोर्ड आता मलाही तिच्याच चालीनं चालवतो. सुरुवातीला वैताग आला, खोटं कशाला सांगू. पण पेटी एकदाच टुक् करून गप्प झाली, पडदा उजळला आणि आत्यांनी सगळे तुकडे एकदम उघडले.

या वेळी काही थिजलं नाही. अख्खी नदी आमच्यात मावली. आत्या एका सांध्यापाशी पाण्याचा रंग चुकलाय म्हणाल्या, तो दुरुस्त केला आणि नाक पुसलं.

“आत्या, होडीत ही कोण बसलीये गं?” भाचीनं विचारलं.

हाच तर माझाही प्रश्न!

“चल, छपाईवाल्याकडे जाता जाता सांगते,” आत्या म्हणाल्या. दार लागलं आणि त्यांचं बोलणं जिन्यावरून खाली गेलं.

तुम्ही म्हणाल, चित्र तर तुझ्यातच होतं. होतं, पण बोर्ड आम्हाला चित्राचा एक पट्टा तुला, एक पट्टा हिला असं वाटून देतो. माझ्याकडे एक खांदा, थोडे केस आणि पुष्कळसं पाणी आलं. उरलेलं शेजारणीकडे गेलं. एकमेकींना सांगावं, तर तेवढ्यात कॉम्प्युटर बंद झाला.

पडदा आता नाट्यगृहात लागलाय आणि आत्या नव्या चित्राला बसल्यात. तुम्ही कधी नाटकाला गेलात, तर पडदा वर जाण्याआधी होडीकडे नीट बघा. मग आमच्या टेबलाशी येऊन मला मोठ्यानं सांगा, तिथं कोण बसलंय. ऐकलेलं मी विसरत नाही.