बिनचष्म्याची सही

मित्रांनो, परीक्षेत पेपरखाली तुम्ही पॅड घेता ना, त्याचाच मी एक जुना भाऊबंद. अंग पुठ्ठ्याचं, डोक्यावर पत्र्याचा चिमटा. कारखान्यात हा चिमटा इतका घट्ट होता की खोक्यात भरताना एका बाईंचं बोट त्यात सापडलं आणि त्यांनी मला शिवी हासडली. जगातलं माझं स्वागत हे असं!

नशिबाने शाळेऐवजी दवाखान्यात गेलो. मूल होत नसलेल्या जोडप्यांचा तो दवाखाना. तिथे बाईच्या शरीरातून बीजं काढतात, नवऱ्याच्या बीजाशी त्यांचा मेळ घालतात आणि जे भ्रूण तयार होतात त्यातला एखादा बाईच्या गर्भाशयात सोडून उरलेले पुढच्या प्रयत्नासाठी गोठवून ठेवतात. पण काहीही करण्याआधी दोघांना नीट समजावून सांगायचं, मगच संमती घ्यायची, असा नियम. भिंतीवर तो फ्रेम करून लावला होता. संमतीचे कागद माझ्या चिमट्यात असत.

आमच्या सिस्टर मनाने वाईट नव्हत्या हो, पण कामाचा डोंगर! सहीच्या जागी त्या आदल्या दिवशीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवत. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "वा! एकही सही राहिलेली नाही." मीही फुशारलो. आता आठवलं की लाज वाटते.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. बीजं काढायच्या ऑपरेशनआधी अंगठी, चष्मा सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायचं आणि मग सह्या करायच्या, अशी आमची उलटी रीत. बाईंनी मला अगदी नाकाशी धरलं.

"सिस्टर, हे शेवटचं पान कशाचं हो?"

"नेहमीचंच आहे. सगळेच करतात. डॉक्टर खोळंबलेत."

त्या पानावर लिहिलं होतं, दोन वर्षांत परत आला नाहीत तर उरलेले भ्रूण संशोधनाला दिले जातील. संशोधन चांगलंच, त्यातूनच नवे उपचार निघतात. पण द्यायचं की नाही, हे बाईंनी ठरवायचं होतं. मला ओरडावंसं वाटलं. पुठ्ठ्याला कुठला आवाज! बाईंनी फुलीवर सही केली.

पहिला प्रयत्न फसला. मग नवऱ्याच्या आजारपणात तीन वर्षं गेली. त्या परत आल्या त्या हसतच.

"माझे तीन राहिलेत ना?"

सिस्टरनी फाईल उघडली. तिन्ही भ्रूण संशोधनात वापरून झाले होते. बाईंच्या वयाला आता नवी बीजं मिळणार नव्हती. त्यांनी चष्मा लावला, ते पान माझ्यावर ठेवलं आणि पहिल्यांदा वाचलं.

"सही माझीच आहे," त्या हळू म्हणाल्या. "पण मला विचारलं कुणी?"

सिस्टर रडू लागल्या. फाईलमध्ये मात्र सगळं नियमाप्रमाणे होतं.

आता सह्या स्क्रीनवर होतात. मी खालच्या खणात पडून असतो, चिमटा सैल झालाय. मला कुणी विचारत नाही, त्याचं दुःख नाही. बाईंना विचारलं नाही, ते मात्र जात नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल, सिस्टर व्हाल, कुणापुढे तरी कागद धराल. पेन देण्याआधी त्याचा चष्मा तेवढा त्याला परत द्या.